खिशातला गूळ

साखरा
११ फेब्रुवारी २००७

प्रिय थावरा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. ओळखूनही ते चुलीत घातलं नाहीस, एवढ्यावर माझं भागलं. नऊ वर्षं झाली आपल्याला बोलून. सेनगावच्या बाजारात तू समोरून आलास की मी कांद्याच्या ढिगात तोंड घालतो, आणि तू उगाच लांबच्या कुणाला तरी हाक मारतोस. आपली बंजाऱ्यांची गोरमाटी मला बोलता येते, लिहायला हात चालत नाही, म्हणून मराठीत लिहून राहिलो. मधेच मास्तरासारखं वाटलं तर हसून घे, पंचवीस वर्षांची खोड आहे. तर त्या दिवशी दिपाच्या सोयरिकीचा गूळ मी काहून खाल्ला नाही, ते आज सांगतो. तू यावर विश्वास ठेवावास म्हणून हात जोडतो. नाही ठेवलास तर माझं आणखी काय जायचं आहे? जाईल ते तुझं जाईल. ते कसं, ते शेवटी लिहिलंय. मधेच कागद टाकू नकोस.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मला भूक लागायला लागली. तू म्हणशील, यात नवल ते काय, फुल्याला भूक कधी नव्हती? खरं आहे. आश्रमशाळेत माझी भाकरी संपली की मी तुझ्या ताटाकडं बघायचो आणि तू चतकोर तोडून द्यायचास. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी सुकडीच्या रांगेत आपण दोघं दोनदा उभे राहायचो आणि दोघांनी मिळून मार खायचो. पण ती भूक सरळ होती रे, पोटात काही गेलं की गप बसायची. ही नवी भूक गप बसत नव्हती. दोन भाकरी खाऊन हात धुवावा आणि हात वाळायच्या आत परत भाकरीच्या टोपलीकडं नजर. वर्गात पाढे म्हणून घेताना माझं अर्धं चित्त फळीवरच्या शेंगदाण्यात. अंग मात्र वाळत चाललेलं, आणि तहान तर अशी की रांजणाशी माझा मुक्कामच. न्हाणीत मुंग्यांची रांग लागलेली तुझ्या वहिनीनं, रुख्मिणीनं पाहिली आणि तिनंच मला हिंगोलीला ढकललं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शुगर. वय छत्तीस.

तेव्हाच तुझ्याकडं यायला पाहिजे होतं. नाही आलो. लाज वाटली. आपल्याकडं शुगर म्हणजे बसून खाणाऱ्या शेठ लोकांचा रोग. तांड्यात म्हटले असते, मास्तर झाला आणि खुर्चीत बसून सडला. दुसरं भ्या दिपाचं. ती सतरा-अठराची, तिचं ठरवायचं वय. बापाच्या रक्तात आहे म्हणजे पोरीच्याही असणार, हे बोलायला तांड्यातल्या बायांना डॉक्टर लागत नाही. म्हणून रुख्मिणीला गप केलं. गोळ्या पुस्तकांच्या पेटीत ठेवल्या. आणि गुपचूप खाऊ लागलो.

काय काय खाल्लं ते लिहिताना आज पेन अडतंय, पण लिहितो. गोड बंद म्हटल्यावर रुख्मिणी गुळाचं मडकं शेजारी ठेवून आली, तर मी शेजारी जाऊन गप्पा मारू लागलो. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला सोमवारी जायला लागलो. रुख्मिणीला वाटलं दुखण्यानं देव आठवला. मी कुणाच्याही भंडाऱ्याच्या पंगतीत बसायचो आणि एका पंगतीतून उठून दुसरीत. वर सोमवारचा उपास म्हणून संध्याकाळी साबुदाणा. एकदा एका बारशाच्या घरी मागल्या दाराशी उभा राहून मी लापशी हातानं खात होतो, आणि रुख्मिणीनं मागून मनगट धरलं. घरी आणलं. दिपा ओसरीत वेणी घालत होती. रुख्मिणीनं माझा तोच चिकट हात धुतला, पुसला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. हळूच म्हणाली, आता म्हणा मनातल्या मनात. मी शपथ घेतली की गोड तोंडात घालणार नाही. दिपाला वाटलं सासरी जायच्या आधी बाप माया करून राहिला. ती हसली. आठ दिवसांवर गूळ होता.

आता त्या दिवसाचं. एप्रिल अठ्ठ्याण्णव, आपला हिंगोली जिल्हा व्हायच्या आदलं साल. आपल्यात ना कागद लागतो ना सही. दोन्ही तांड्यांचे नायक आणि पंच बसले, मुलाकडच्यांनी आणलेला गूळ फोडला, आणि मुलीच्या बापानं मुलाच्या बापाच्या हातून तो खाल्ला की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी ती मोडत नाही. आणि नाही खाल्ला तर? तशी वेळ आपण दोघांनी जन्मात पाहिली नव्हती. तू नवा फेटा बांधून आलास. नवरामुलगा म्हणून तुझा रणजीत तुझ्या मागं बसलेला, मान खाली, पण कान सगळे घराकडं. दिपा आतून बघत होती हे मला माहीत होतं. तिला तो आवडला होता, थावरा. हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नसेल.

तू लिंबाखाली ढेप फोडलीस. मोठा खडा निवडलास. तू मला ओळखतोस ना, फुल्याला बारका खडा कसा पुरणार, असं म्हणून सगळ्यांना हसवलंस आणि माझ्या हातावर ठेवलास. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लहान लेकरासारखं. दाराआडून रुख्मिणी बघत होती. तू म्हणशील, एक खडा, शपथ काय आणि शुगर काय, एका खड्यानं कोण मेलं आहे? बराबर आहे. पण मला एका खड्याचं भ्या नव्हतं. मला माझं भ्या होतं. तो एक आत गेला की समोरची ढेप मला सोडणार नाही, आणि दोन तांड्यांच्या पंचांसमोर मी दोन्ही हातांनी खायला लागेन, असं मला खरंच वाटलं. हात तोंडाशी नेला, ओठ हलवले आणि खडा सदऱ्याच्या खिशात सोडला. कुणी पाहिलं नाही. सगळे एकमेकांना गूळ वाटत होते.

पण एप्रिलचं ऊन रे ते. पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी तपकिरी डाग उमटला, मोठा झाला, त्यावर माश्या बसल्या. मी हातानं झाकायला लागलो तसं आणखी दिसायला लागलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं न खाल्लेल्यालाच खवखवलं. आमच्या प्रेमदास नायकानं पाहिलं. म्हातारा उठला, माझ्या खिशात बोटं घातली आणि तो वितळलेला खडा काढून पंचांच्या मधोमध ठेवला. त्यानं विचारलं, मास्तर, हे काय आहे?

तेव्हा दोन शब्द बोलायचे होते. मला शुगर आहे. बास. तू हसला असतास, शिव्या दिल्या असत्यास आणि बाजरीच्या दाण्याएवढा खडा माझ्या जिभेवर ठेवला असतास. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, "पोरगी शिकणार आहे अजून. जीपवाल्याच्या घरात घाई कशाला." ते वाक्य कुठून आलं मला आजही कळत नाही. तोंड लपवायला हाताला लागलं ते ओढून घेतलं, आणि ते नेमकं तुझ्या लेकराचं कातडं निघालं. रणजीतनं नुकतीच जीप चालवायला घेतली होती. तू उठलास. फेटा सोडून खांद्यावर टाकलास. म्हणालास, "फुल्या, तू गूळ न्हाई टाकला. मला टाकलं." आणि तुमची माणसं उन्हात उपाशी परत गेली. चुलाणावर दोन्ही तांड्यांचा स्वयंपाक तसाच राहिला.

इथवर तुला अर्धंअधिक ठाऊक आहे. पुढचं रुख्मिणीलाही ठाऊक नाही. दुपारी सगळे आत रडत होते तेव्हा मी लिंबाखाली गेलो. तो खडा तिथंच होता, मातीत, मुंग्या लागलेला. मी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि खाल्ला. मग ढेपेतला राहिलेलाही. सोयरीक मोडली, यार गेला, पोरगी आत उशीत तोंड घालून पडली, आणि मी खाऊन राहिलो होतो. हे लिहून टाकलं बघ. आता याहून खाली मला जाता येत नाही.

दिपा तीन महिने माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताट सरकवायची. मग खरंच शिकली, डी.एड. झाली, वाशिमकडं शाळेत लागली, तिकडंच लग्न झालं. माझी थाप पोरीनं खरी करून दाखवली, आणि लोक म्हणू लागले की मास्तर दूरदृष्टीचा. ते ऐकताना तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते कळलं.

आणि भूक? ती कुठंच गेली नव्हती. पुढं शाळेत खिचडी शिजायला लागली. लेकरांना वाढायच्या आधी मास्तरांनी चव घ्यायची, असा नियम. मला तर देवानंच नियम पाठवला. आधी चमचाभर चव, मग वाटीभर, मग ताटभर. शिजवणारी पद्माबाई सगळं बघायची. गरीब बाई, बोलणार काय? एक दिवस तांदूळ थोडा कमी होता आणि मी चव घेऊन परत पातेल्याकडं वळलो. तिनं झाकण ठेवलं. स्वतःच्या वाट्याचं ताट माझ्यापुढं केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, माझं घ्या. लेकरायचं राहू द्या." मी ते ताट घेतलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. घरी गेलो, पुस्तकांची पेटी उघडली आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून हिंगोलीला गेलो. या खेपेला डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. लापशी, भंडारे, खिचडी, सगळं.

डॉक्टर नांदेडहून गुरुवारी येतात. त्यांच्याकडं शीतल नावाची एक मुलगी आहे, काय खायचं ते सांगणारी. माझ्या दिपाच्या वयाची. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, गुरुजी, तुम्ही हावरट नाही, तुमचं अंग खरंच उपाशी आहे. अंगणात धान्याची रास पडलीय पण घराला बाहेरून कडी, आतली लेकरं रडणारच. शुगर रक्तात फिरते, आत शिरत नाही, म्हणून भूक. शुगर आवाक्यात आली की भूकही उतरते. थावरा, सात वर्षं मी स्वतःला खादाड समजून शिव्या देत होतो, आणि ती पोरगी दोन मिनिटांत मला मोकळं करून गेली. मी तिच्यासमोर रडलो. बाहेर चाळीस पेशंट बसलेले.

तिनं जे शिकवलं ते नीट वाच. उपाशी राहायचं नाही, उपास तर बंदच. भूक यायच्या आधी आपण जेवायचं. दोन भाकरी एकदम खात होतो, त्याच आता अर्धी-अर्धी करून चार वेळा, ज्वारीची. आधी भाजी, नुसती, ताटभर: मेथी, शेपू, अंबाडी, जे रानात असेल ते. मग भाकरी, आणि तिच्याबरोबर घट्ट वरण नाहीतर उसळ, कारण डाळीनं पोट धरून राहतं. भात चार घास, तो शेवटी. मधल्या वेळेला बिनसाखरेचं ताक, काकडी, मूठभर फुटाणे. जेवून उठलं की परत भूक वाटते ती खोटी, तिला ताकीद द्यायची की अर्धा तास थांब. तेवढ्यात तांड्याभोवती एक चक्कर मारायची, आली तशी जाते. बिस्किटं नाहीत. बिस्किट पोटात टिकत नाही, उलट आणखी मागतं. मात्र गोळी घेऊन घाम सुटला, हात थरथरले, तर ती भूक वेगळी, तेव्हा लगेच साखर खायची आणि डॉक्टरांना सांगायचं. पहिले पंधरा दिवस फार तकलीफ झाली. मी रुख्मिणीवर खेकसलो, एकदा ताट आपटलं. विसाव्या दिवशी जेवून उठलो आणि वर्गात पाढे घेताना लक्षात आलं की मी खाण्याचा विचार करत नाही. केवढं शांत वाटलं काय सांगू. आजही अधूनमधून घसरतो, खोटं कशाला बोलू. पण आता घसरलो की रुख्मिणीला सांगतो. लपून खाल्लेला घासच मला जास्त नडला होता.

मागच्या महिन्यात दिपा आली होती. तिला खिशातल्या खड्यापासून सगळं सांगितलं, पंचांपुढं जे बोललो त्यासकट. लिंबाखालचं नाही सांगितलं, ते फक्त तुला. ती बराच वेळ लेकराचं झबलं घडी करत बसली. मग म्हणाली, "बाबा, एवढंच होतं? मग सांगायचं ना तेव्हाच." मला वाटतं, नऊ वर्षांत कुणी मला एवढं मोठं बोललं नसेल.

आता हे का लिहितोय ते. गेल्या गुरुवारी त्याच दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो आणि तू आत येऊन नाव नोंदवलंस. मला पाहिलं नव्हतंस. किती वाळलास रे. डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं, चप्पल पुढून कापलेली. भिंतीला टेकून तू बिस्किटाचा पुडा फोडलास आणि एकामागून एक खाऊ लागलास, इकडंतिकडं बघत, घाईनं. ते खाणं मी ओळखलं. तसं मी सात वर्षं खाल्लंय. मग तुझी नजर माझ्यावर पडली. तू पुडा खिशात घातलास, कुणाला तरी शोधायला आल्यासारखं केलंस आणि निघून गेलास. लंगडत. शीतलनं तुझं नाव तीनदा पुकारलं. शुगर असताना पायाची जखम भरत नाही, थावरा, दुखतसुद्धा नाही, आणि मग डॉक्टर पाय मागतात. तू माझ्यापुढं लाजलास. माझ्यापुढं, मातीतला गूळ खाणाऱ्यापुढं! म्हणून तो गूळ तुला सांगितला. मी दवाखाना बंद होईपर्यंत बसून राहिलो आणि पुढच्या गुरुवारी तुझा पहिला नंबर लावून आलोय, सकाळी नऊचा. तोवर ते फडकं रोज बदल, पाय मातीत टाकू नकोस. अंगठा काळा पडला, वास आला किंवा ताप भरला तर गुरुवारची वाट बघू नकोस, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठ. हे पत्र उद्या रणजीतच्या जीपमध्ये त्याच्या हातात देईन, आणि त्याची माफीही तिथंच स्टँडवर, चार माणसांसमोर मागेन. तो तुला घेऊन जाईल. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. मी गुरुवार सोडलाय, आता सोमवारी सरकारी दवाखान्यात जाईन. तुझ्या वाटेत मी नसेन. तू जा.

तुझाच,
फुल्या
(तुझ्या ताटातली चतकोर खाल्लेला)